बॉनेटवरच्या चार पट्ट्या

आमच्या आणि अण्णांच्या आवाराच्या मध्ये जांभ्याचा गडगा आहे, कमरेइतका. टेकायला बरा, वाटी ठेवायला बरा, आणि पलीकडचं सगळं दिसत असून आपण बघत नाही असं दाखवायलाही बरा. रत्नागिरीच्या या बाजूला पेपर साडेसातला येतो, पण गडग्यावरच्या बातम्या सहालाच पोचलेल्या असतात. कुणाच्या सुनेने नोकरी सोडली, कुणाच्या कलमांना यंदा पालवीच फार आहे, वहिनींच्या भावजयीने पाटल्या मोडून नक्की काय घेतलं. गेल्या दसऱ्यापासून मात्र त्या गडग्यावर एकच विषय पडीक आहे. गाडीवर मारायचा सिरॅमिक स्प्रे.

याला कारण अण्णांचा मुलगा. पुण्याहून नवी कोरी पांढरी गाडी घेऊन दसऱ्याला आला. झेंडूची माळ झाली, चाकाखाली लिंबं ठेवली, वहिनींनी कुंकवाचं बोट बॉनेटकडे नेलं आणि मुलगा ओरडला, "आई, थांब! कोटिंग आहे!"

वहिनींचं बोट तसंच हवेत. म्हणाल्या, "म्हणजे कुंकू लागत नाही, की कुंकू चालत नाही?"

हा प्रश्न इतका मुद्द्याचा होता की मी गडग्याच्या अलीकडे उभी राहून मनातल्या मनात शंभर मार्क दिले. मुलाला काही उत्तर आलं नाही. शेवटी स्वस्तिक काचेवर निघालं. माळेची तार मात्र खुशाल बॉनेटवर घासत होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

संध्याकाळी वहिनी घावन द्यायला म्हणून गडग्याशी आल्या आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "पंचवीस हजार, बाई. नुसतं वरून काहीतरी लावायचे. तीन वर्षांची हमी म्हणे. आणि दर सहा महिन्यांनी दाखवायला न्यायचं, त्याचे वेगळे. बाळंतिणीची तपासणी परवडली."

अण्णा मागून आलेच. ते एसटीच्या वर्कशॉपात होते, त्यामुळे वाहन या विषयावर त्यांचं मत नसेल असा दिवस उगवलेला नाही. "पंचवीस हजारांत मी आख्खी गाडी रंगवून दिली असती," ते म्हणाले. "तेच औषध बाटलीत मिळतं. फवारायचं, पुसायचं, झालं. मी मागवतोय."

आमचे हे ओटीवर पेपर वाचत असल्याचं नाटक करत होते. पान उलटायचं थांबलं तेव्हाच मी ओळखलं, आता आपल्याकडेही बाटली येणार. आली. चौथ्या दिवशी दोन्ही घरांत एकेक बाटली, आणि दोन्ही वेगळ्या. तिथून पुढे जे झालं ते मी सांगते. बाटल्यांची नावं मात्र सांगणार नाही. गडगा एकच आहे आणि अजून बरीच वर्षं त्याच्यावर वाट्या ठेवायच्या आहेत.

"पण बाई, सिरॅमिक म्हणजे आपली चिनी मातीच ना?" वहिनींनी विचारलं. मी जन्मभर कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे असले प्रश्न माझ्याकडे येतात, आणि खरं सांगायचं तर आवडतात. मी म्हटलं, तुमची लोणच्याची बरणी डोळ्यांसमोर आणा. आतून तुकतुकीत असते ती झिलई म्हणजे काचच, सिलिकेची. म्हणून मीठ, आंबट, तेल वर्षभर आत राहून बरणीला ढिम्म होत नाही. या बाटलीतही सिलिकाच्या घराण्यातलीच मंडळी आहेत. फरक एवढाच की बरणी हजार अंशांच्या वरच्या भट्टीतून निघालेली असते आणि तुमची गाडी पडवीतून. स्प्रेमधली रसायनं हवेतल्या ओलाव्याने एकमेकांचे हात धरतात, रंगालाही धरून बसतात, आणि वर एक पातळ पापुद्रा तयार होतो. व्यावसायिक कोटिंगमध्ये हा माल दाट असतो, म्हणून ते महाग, लावायला अवघड आणि जास्त टिकणारं. स्प्रेमध्ये तोच माल पातळ करून, सोबत निसरडी पॉलिमरं घालून, कधी मेणही घालून दिलेला असतो. कढी आणि ताक यांच्यात जेवढं नातं तेवढं.

"म्हणजे ताकाला पंचवीस हजार नाहीत," वहिनी म्हणाल्या. त्यांचा हिशोब कधी चुकत नाही.

अण्णांनी तोवर फोनवर बघून बघून या विषयात पदवी घेतलेली होती. टर्टल वॅक्स, मेग्वायर्स, मदर्स, चिनी की कोरियन असा संशय घेत घेत ग्यॉन आणि कारप्रो (दोन्ही कोरियनच निघाले). कोणाची बाटली किती मिलिलिटरची, कोण बारा महिने टिकतो म्हणतो, कोण सहा. आमचे हे रोज संध्याकाळी अण्णांचं पाठांतर ऐकायचे आणि आपली बाटली किती थोर ते सांगायचे. मला त्यातली एकच गोष्ट मनापासून आवडली, ती टर्टल वॅक्सची. 1941 साली शिकागोमध्ये बेन हर्श नावाच्या माणसाने घरच्या न्हाणीतल्या टबात गाडीचं पॉलिश ढवळून विकायला सुरुवात केली. विकायची युक्ती अशी की उभ्या असलेल्या गाडीचं एकच मडगार्ड पॉलिश करून ठेवायचं आणि मालक येण्याची वाट बघायची. एक मडगार्ड लखलखतंय, बाकी गाडी मळकट. मालक काय करणार बिचारा!

ही गोष्ट ऐकली आणि मी तिथल्या तिथे ठरवलं, रोजची ही हुज्जत अशीच मिटवायची. दोघेही आपापल्या गाडीवर प्रयोग करू द्यायला तयार नव्हते. मग माझी गाडी. 2014 सालची, गडद मरून, कागदपत्रांवर माझं नाव. बॉनेटवर रंगाऱ्याची चिकटपट्टी लावून चार उभ्या पट्ट्या करायच्या. पहिल्या पट्टीवर घरातलं जुनं डबीतलं कार्नोबा मेण, दुसरीवर ह्यांचा स्प्रे, तिसरीवर अण्णांचा, चौथीवर काहीच नाही. चौथीला वहिनींनी लगेच नाव ठेवलं, सासुरवाशीण.

पण त्याआधी ह्यांचा पराक्रम सांगायला हवा. प्रयोगाची वाट न बघता ह्यांनी ऑक्टोबरच्या भर दुपारी, मी आत पंख्याखाली पडलेली असताना, माझ्या गाडीच्या टपावर हात साफ करून घेतला. टप इतका तापलेला की त्याच्यावर पोहे फुगले असते. स्प्रे पडला आणि फडकं पोचायच्या आत वाळला. संध्याकाळी बघते तर डबक्यात रॉकेल सांडावं तसे सप्तरंगी ओघळ. शिवाय वाऱ्याने तुषार पुढच्या काचेवर. दुसऱ्या दिवशी सरीत वायपर लावला तर थडथडथड करत काचेवर नाचायला लागला, आणि काच अशी धुरकट की समोरून येणाऱ्या एका एसटीच्या मला दोन दिसल्या. हे म्हणाले, बाटलीतच खोट आहे. बाटलीत काही खोट नव्हती. बाटलीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं, सावलीत, गार आणि ओल्या पत्र्यावर, एका वेळी एकच भाग, लगेच धारेने धुवा. पुरुषमाणसं समोरचं मोठ्या अक्षरातलं वाचतात. संध्याकाळी पत्रा निवल्यावर त्याच ओघळांवर तोच स्प्रे थोडा परत मारून लगोलग पुसला तेव्हा ते विरघळून निघाले. काचेला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागलं.

तर प्रयोग. सकाळी सात, पडवीत, पत्रा गार. आधी गाडी शाम्पूने धुतली. मग मी अण्णांना म्हटलं, हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घाला आणि धुतलेल्या बॉनेटवरून बोटं फिरवा. पिशवीतून बोटांना बारीकसारीक खर फार चांगली कळते. अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अहो, ही तर पॉलिश पेपरसारखी लागतेय." तेच तर. पाण्यासाबणाने न निघणारे लोखंडाचे कण, डांबराचे ठिपके, झाडाचा चीक, सगळं रंगात रुतलेलं असतं. त्याच्यावर काही लावणं म्हणजे न निसता तांदूळ शिजवणं. त्यासाठी क्ले मिळते, कणकेच्या गोळ्यासारखी. शाम्पूच्या पाण्याने बॉनेट बुळबुळीत ठेवून ती हलकेच फिरवली की खर तिच्यात ओढली जाते. गोळा मळला की कणीक मळल्यासारखा परत दुमडायचा. खाली पडला तर मात्र सरळ फेकायचा, पुन्हा वापरायचा नाही. हे काम वहिनींनी केलं, आणि त्यांच्या हाताला जी लय होती ती अण्णांच्या सात पिढ्यांना आली नसती. शेवटी अल्कोहोलने पुसून घेतलं, म्हणजे जुन्या पॉलिशचं तेल राहू नये.

दोन बाटल्यांची रीत वेगळी होती, आणि माझ्या मते खरेदी करताना बघायची पहिली गोष्ट हीच. ह्यांचा स्प्रे ओल्यावरचा. गाडी धुवायची, ओलीच ठेवायची, फवारायचं आणि लगेच पाण्याच्या जोराच्या धारेने धुऊन टाकायचं. धारच त्याला पसरवते. मग कोरडी करायची. मेग्वायर्सचा हायब्रिड सिरॅमिक वॅक्स याच जातीचा. अण्णांचा सुक्यावरचा. एका फडक्याने पसरायचा, दुसऱ्या कोरड्या फडक्याने तुकतुकी येईपर्यंत पुसायचा, मग काही तास पाणी लागू द्यायचं नाही. ओल्यावरचा झटपट, आळशी माणसाला धार्जिणा, पण माल बराचसा पाण्याबरोबर गटारात जातो आणि टिकाऊपणा बेताचा. सुक्यावरचा जरा कष्टाचा, हात चुकला तर ओघळ दाखवणारा, पण टिकायला बरा. ह्यांना हे मी आधीच सांगितलं असतं. विचारलंच नाही.

एक गंमत ध्यानात ठेवण्यासारखी. ओल्यावरच्याची धार सोडली की तो शेजारच्या पट्ट्यांवरही वाहणार. म्हणून आधी ती एकच पट्टी उघडी ठेवून केली, मग बाकीच्या पुन्हा अल्कोहोलने पुसल्या, मग उरलेल्या केल्या. "बाई, किती हो ते सोवळं," अण्णा म्हणाले. पण पाळलं त्यांनी.

मग, ते काही तास उलटल्यावर, पाणी मारायचा कार्यक्रम. दोन्ही घरं गडगा ओलांडून हजर. चिकटपट्ट्या काढल्या, वहिनींनी तांब्यातून पाणी सोडलं, आणि तीन पट्ट्यांवर मोत्यांचा नुसता पाऊस. टपोरे, गोल, हलवलं की पळणारे. चौथीवर पाणी आपलं पसरट, मरगळलेलं. दोघे पुरुष इतके खूश की जणू मोती त्यांनी घातले होते.

वहिनी काही बोलल्या नाहीत. मोरीच्या मागे गेल्या, अळवाचं एक पान तोडून आणलं आणि त्याच्यावर त्याच तांब्यातलं पाणी ओतलं. ते पानाला शिवलंसुद्धा नाही. थेंब पाऱ्यासारखा पळाला, पान कोरडं ठणठणीत. "हे फुकट उगवतं," वहिनी म्हणाल्या.

शास्त्राच्या दृष्टीने वहिनींचं पान अगदी बरोबर होतं. पानावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात आणि त्यांच्यावर मेण, त्यामुळे थेंबाला टेकायला जागाच मिळत नाही. बाटलीतल्या रसायनाला असे उंचवटे करता येत नाहीत, ते फक्त पृष्ठभागाला पाण्याचा कंटाळा आणतं. म्हणून अळवावर थेंब जवळजवळ चेंडू होतो आणि बॉनेटवर फार तर टोपी. पण मोती दिसले म्हणजे संरक्षण झालं, हा जो समज आहे ना, त्याने या धंद्याचं निम्मं पोट भरतं. मोती दिसतात चांगले, फोटो चांगले येतात. बोअरवेलचं जड पाणी असेल तर हेच मोती उन्हात जागच्या जागी वाळतात आणि प्रत्येकाच्या बुडाशी चुन्याचं गोल कंकण उरतं. माझी भाची सोलापूरला असते. तिने हौसेने स्प्रे मारला, बोअरच्या पाण्याने गाडी धुतली, उन्हात वाळवली, आणि काळी गाडी देवी आल्यासारखी दिसायला लागली. पातळ केलेल्या व्हिनेगरने पुसून, मग स्वच्छ पाण्याने धुऊन बरंच निघालं. तिला मी म्हटलं, मोती बघून झाले की पुसून घ्यावेत, ठेवून द्यायचे नसतात.

"पण बाई, कडकपणा?" अण्णांनी बाटली उलटी करून दाखवली. "नाइन एच लिहिलंय. हिऱ्याच्या एक पायरी खाली."

आता इथे मला राहवेना. हिरा दहा असतो ती मोज़ची मोजपट्टी, खनिजांची. नाइन एच ही पेन्सिलीची. मी आत जाऊन नातवाच्या चित्रकलेच्या डबीतल्या पेन्सिली आणल्या. शिसं म्हणजे ग्राफाइट आणि माती. माती जास्त घातली की एच वाढतो, पेन्सिल कडक होते. रंगाच्या चाचणीत ठरावीक कोनात, ठरावीक वजनाने पेन्सिल पुढे ढकलतात आणि कितव्या नंबरापर्यंत ओरखडा उठत नाही ते बघतात. नाइन एच म्हणजे एवढंच की चाचणीतल्या पेन्सिलींत सगळ्यात कडक ती हरली. उद्या कोणी चोर पेन्सिल घेऊन आला तर गाडी वाचेल. तो किल्ली घेऊन येतो.

अण्णा हसले नाहीत. पण खरा मुद्दा पुढे होता. गाडीचा सगळा रंग मिळून, प्रायमर, रंग आणि वरचं पारदर्शक क्लिअर, जाडी शंभर-सव्वाशे मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे वहीच्या एका पानाएवढी. त्यातलं क्लिअर चाळीस-पन्नास. आणि हा फवारून बसणारा पापुद्रा एका मायक्रॉनच्याही आतला. तो गाडीला चिलखत काय होणार? पाणी, धूळ, शेण फार चिकटू न देणं, ऊन थोडं सोसणं आणि धुताना हात सुळकन फिरू देणं, एवढंच त्याचं काम, आणि तेही काही कमी नाही. पण रस्त्यावरची धूळ म्हणजे काय? बरीचशी वाळू. वाळू म्हणजे सिलिका, आणि मोज़च्या पट्टीवर सात. बाटलीत ज्या घराण्याची माणसं गाडी राखायला ठेवलीत, त्याच घराण्याची माणसं बाहेरून गाडी ओरबाडतात. "भाऊबंदकीच की," वहिनी म्हणाल्या, आणि गडग्यापलीकडच्या चुलत घराकडे एक नजर टाकून त्यांनी विषय तिकडे नेला. तासभर गेला त्यात. तो इथे सांगण्यासारखा नाही.

नोव्हेंबर-डिसेंबर छान गेले. थंडी पडली की आमच्याकडे पहाटे दव पडतं, आणि दवाने रोज फुकट परीक्षा होते. हे उठल्यावर तोंड धुवायच्या आधी बॉनेट बघायचे. नाताळच्या सुमाराला मेणाची पट्टी सासुरवाशिणीच्या ओळीला येऊन बसली. कार्नोबा म्हणजे ब्राझीलच्या एका ताडाच्या पानावरचं मेण, वितळतं ऐंशी अंशांच्या वर. तुकतुकी सगळ्यात सुंदर त्याचीच होती, जुन्या सागवानी कपाटासारखी, पण आयुष्य नाही.

मग एके सकाळी अण्णांची पट्टी गेली. म्हणजे मोती बंद, पाणी नुसतं पसरलेलं. ह्यांनी जो आनंद केला तो मुलीच्या लग्नातही केला नव्हता. अण्णा दोन दिवस गडग्याशी फिरकले नाहीत, वहिनींच्या हाती सोलांची पिशवी तेवढी आली. मला मात्र संशय होता. सगळं बॉनेट धुळीने लाल झालं होतं, आणि अण्णांच्या पट्टीच्या बरोबर वर कावळ्याची फांदी. मी बादलीभर पाण्यात शाम्पू घातला, हातमोज्यासारख्या मऊ मिटने धुतलं, तांब्या सोडला, आणि मोती परत! पापुद्रा गेला नव्हता, मळाखाली झाकला गेला होता. लोक इथेच फसतात. मोती थांबले की दुसरी बाटली आणतात, खरं तर एक स्वच्छ धुणं पुरतं. तेही भांड्यांच्या साबणाने नको. तो तेल काढायलाच जन्मलेला, मेण असेल तर तेही घेऊन जातो. मी अण्णांना हाक मारून दाखवलं. ते म्हणाले, "मला माहीत होतं." नव्हतं.

त्या कावळ्याबद्दलही एक सांगते. विष्ठेत युरिक आम्ल असतं. उन्हात तापलेल्या क्लिअरवर ती वाळली की खाली खड्डा पडतो, मग तो पॉलिश करून घासावा लागतो, म्हणजे त्या वहीच्या पानातला थोडा कागद कायमचा गेला. आमच्याकडे एकदा शीट दोन दिवस राहिली, चारही पट्ट्यांवर डाग उमटला. स्प्रेवाल्या दोन्हींवर थोडा पुसट, पण उमटला. स्प्रे तुम्हाला वेळ देतो. दिलेल्या वेळात उठून ओलं फडकं ठेवायला तर हवं ना.

जानेवारी संपताना आंबा मोहरला. गाडी एरवी हापूसच्या कलमाखाली लागते. मोहराबरोबर तुडतुडे आले, आणि तुडतुडे आले की चिकटा. साखरेच्या पाकाचे बारीक तुषार रात्रंदिवस, त्याच्यावर पुढे काळी बुरशी धरते. कोकणात गाडी असणाऱ्याला विचारा, पावसापेक्षा हे छळतं. आणि इथे, मी प्रामाणिकपणे सांगते, दोन्ही बाटल्यांनी पैसे फेडले. कोमट पाणी टाकलं, मिनिटभर भिजू दिलं, स्प्रेच्या दोन्ही पट्ट्यांवरून चिकटा नुसता घसरला. मेणाच्या पट्टीवर आणि सासुरवाशिणीवर बरीच मेहनत. ओल्यावरचा एव्हाना दमायला लागला होता, सुक्यावरचा अजून तरतरीत. अण्णा जिंकले म्हणायला हरकत नव्हती. पण ओल्यावरचा गाडी धुताना दर दोन महिन्यांनी परत मारायला दहा मिनिटं लागतात, आणि सुक्यावरच्याला सकाळ जाते. हे कधी सकाळ देणार? ज्याच्या घरी जसा माणूस, तशी बाटली.

आणि मग ती रात्र. वीज गेली होती. मोबाइलच्या बॅटरीच्या उजेडात मी गाडीत राहिलेली पर्स काढायला गेले आणि उजेड सहज बॉनेटवर पडला. कोळ्याची जाळी! उजेडाभोवती गोल गोल हजारो बारीक ओरखडे. मेणाच्या पट्टीवर, ह्यांच्या, अण्णांच्या, सासुरवाशिणीवर, सगळीकडे सारखे. कुठे रेषेचाही फरक नाही. चिकटपट्टीची सीमा कुठे होती ते शोधून सापडेना.

मी तिथेच उभी राहिले आणि मला सकाळचा आवाज आठवला. रोज साडेसहाला, दूध आलं की, खर्र खर्र. हे जुनं बनियन घेऊन गाडी पुसतात. कोरडी. लग्नाला चाळीस वर्षं झाली, स्कूटर होती तेव्हापासूनचा नेम. लाल धूळ, तिच्यातली वाळू, तिच्यावर बनियन, आणि वरून ह्यांचा उजवा हात, गोल गोल. चार महिने आम्ही बाटल्यांची भांडणं सोडवली आणि रोज सकाळी बनियन आपलं काम करत होतं.

सकाळी गडग्यावर ही बातमी मी अण्णांच्या देखत दिली. हे म्हणाले, "बनियन मऊ असतं." मी म्हटलं, बनियन मऊ, वाळू मऊ नाही. आधी पाण्याने धूळ वाहून जाऊ द्या. दोन बादल्या घ्या, एक शाम्पूची, एक नुसत्या पाण्याची, मिट दर वेळी दुसरीत खळबळून मगच पहिलीत बुडवा. पुसायला जाडसर मायक्रोफायबर, त्याच्या कडेचं लेबल कापून टाकलेलं. आणि ते फडकं घरच्या कपड्यांत धुवायचं नाही, सुगंधी कंडिशनरमध्ये तर नाहीच, त्याचे धागे बुजतात. आणि पाणी काढायला वेळ नसेल तर गाडी मळकी राहू दे. मळक्या गाडीला कोणी नावं ठेवत नाही, इथे सगळ्यांच्याच लाल आहेत.

अण्णा छाती काढून म्हणाले, "मी कधीच कोरडी पुसत नाही." वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. अण्णा कलमाकडे बघायला लागले. मागून कळलं, त्यांच्याकडे बनियन नाही, जुनं धोतर आहे.

पाडव्याच्या आदल्या दिवशी अण्णांचा मुलगा परत आला. सहा महिन्यांच्या तपासणीला जायचं विसरला होता, हमी रद्द झाली होती. मी काही बोलले नाही, वहिनींनी मात्र बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं उमटवून घेतली, अगदी मधोमध. मग अण्णांनी ठरवलं, आपलीच बाटली पोराच्या गाडीवर मारू, अर्धी तरी उरली असेल. इतक्या महिन्यांत एक पट्टी आणि त्यांच्या गाडीवर एक हात, एवढाच तर खर्च. बाटली सापडली न्हाणीघरात, खिडकीच्या फळीवर, शिकेकाईच्या डब्यामागे. रिकामी.

"ही इथे कशी?" अण्णांनी विचारलं.

वहिनींनी मला हाक मारून गडग्यावरून आत बोलावलं. न्हाणीघराची काच, नळ, आरसा, सगळ्यावर पाण्याचा एक डाग नाही. त्यांनी नळावर तांब्या ओतला आणि थेंब टपटप पळाले, अळवावरून पळावेत तसे. म्हणाल्या, "गार फरशीवर, सावलीत, एका वेळी एक नळ. मागे लिहिल्याप्रमाणे. आणि बाई, पुसायला तुमच्या ह्यांचं ते मायक्रोफायबर घेतलं होतं, धुऊन ठेवलंय वेगळं. पण गॅसच्या शेगडीवर चालतं का हो हे? जाळाशी?"

मी म्हटलं, शेगडीवर नको. तेवढ्यात बाहेरून ह्यांची हाक आली, त्यांची बाटली कुणी बघितली का म्हणून.